सॅमनच्या खवल्यावरचा व्रण

माझी भाची व्हँकुव्हरला असते. ऑक्टोबर 2022 मध्ये ती कॅनडातल्या अ‍ॅडम्स नदीवर सॉकाय सॅमनची वीण पाहायला गेली होती. दर चार वर्षांनी तिथे विणीचा मोठा हंगाम येतो आणि 2022 हे तसेच वर्ष होते. तिने फोटो पाठवले: उथळ पाण्यात दाटीवाटीने लालभडक मासे, हिरवट डोकी, आकड्यासारखे वाकलेले जबडे, काहींच्या अंगावर पांढरे चट्टे. खाली प्रश्न होता, "मामा, हे मासे सडत चाललेत का?" घरच्या ग्रुपवर लगेच कोणीतरी लिहिले, "सॅमन म्हणजे आपला रावस. तो असा नसतो."

आधी रावसाचे. हॉटेलांच्या मेन्यूवर त्याला 'इंडियन सॅमन' म्हणतात, पण सॅमनशी त्याचे काही नाते नाही. रावस उबदार किनारी समुद्रातला, छातीच्या पराखाली सुटे धागे असलेल्या माशांच्या कुळातला आहे. सॅमन थंड पाण्यातला, ट्राउटचा सख्खा. नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि विणीला पुन्हा नदीत येतो.

आता भाचीचा प्रश्न. ते मासे लवकरच मरणार होते हे खरे, पण फोटोत दिसत होती ती निव्वळ सड नव्हती. विणीच्या काळात सॅमनची त्वचा मुळापासून बदलते, आणि हा बदल मला माशांच्या शरीरशास्त्रातला सर्वांत विलक्षण भाग वाटतो.

आपल्या त्वचेचा वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. माशाचा तसा नसतो. पाण्याला भिडणारी अगदी वरची पेशीसुद्धा जिवंत असते, आणि या पेशींमध्ये विखुरलेल्या श्लेष्मपेशी तो बुळबुळीत थर सोडत राहतात. या नाजूक बाह्यत्वचेच्या खाली अंतस्त्वचा, आणि तिच्यातल्या खिशांत रुतलेले खवले. खवला बाहेरून चिकटवलेला नसतो, त्याच्यावरही जिवंत त्वचेचे पांघरूण असते. बाजारात मासा साफ करताना कोळीण खवले खरवडते तेव्हा हे पांघरूणही निघून जाते.

खवल्याची घडण बघा. आतल्या बाजूला कोलॅजेन या प्रथिनाच्या धाग्यांचे थर, प्लायवूडसारखे, प्रत्येक थराची दिशा वेगळी. बाहेरच्या बाजूला हाडासारखा कॅल्शियम फॉस्फेटचा पातळ लेप, आणि त्यावर बारीक वर्तुळाकार कड्या. सॅमनच्या अंगावरच्या खवल्यांची संख्या लहानपणीच ठरते. मासा वाढतो तसा प्रत्येक खवला कडेने वाढतो आणि कडेला नवी कडी चढते. उन्हाळ्यात अन्न भरपूर, म्हणून कड्या दूर दूर. हिवाळ्यात वाढ मंदावते, कड्या दाटतात. झाडाच्या खोडातल्या वलयांसारखा हा हिशेब वाचून वय काढता येते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कॉटलंडमधल्या टे नदीच्या सॅमनचे खवले असेच वाचले गेले. एखादा खवला गळून नवा आला, तर त्याचा मध्यभाग कोरा असतो. आधीची वर्षे त्यावर नोंदलेलीच नसतात.

विणीला निघालेला सॅमन नदीत शिरला की खाणे थांबवतो. अटलांटिक सॅमन असा कित्येक महिने उपाशी राहतो. आणि याच उपवासात मादीला पोटभर गाबोळी तयार करायची असते, शरीराच्या वजनाच्या जवळपास पाचव्या हिश्शाची. मग माल आणायचा कुठून?

अंडाशयातून इस्ट्राडिऑल हे संप्रेरक रक्तात येते. त्याच्या सांगण्यावरून यकृत व्हायटेलोजेनिन नावाचे प्रचंड मोठे प्रथिन बनवू लागते. अंड्यातल्या बलकाचा हा कच्चा माल. या प्रथिनाच्या एका भागात सेरिन हे अमिनो आम्ल ओळीने येते आणि प्रत्येकावर फॉस्फेटचा गट बसलेला असतो. फॉस्फेटवर ऋण भार असतो, कॅल्शियमच्या आयनावर धन, त्यामुळे व्हायटेलोजेनिन रक्तातून जाताना कॅल्शियम बांधून घेऊन जाते. विणीआधी मादीच्या रक्तातले एकूण कॅल्शियम वाढते ते यामुळेच. मासा कल्ल्यांतून पाण्यातले कॅल्शियमही ओढतो, पण समुद्राच्या मानाने नदीच्या पाण्यात ते फारच थोडे. मग खवल्यांवर अस्थिभक्षक पेशी कामाला लागतात. त्याच, ज्या आपल्या हाडांची झीज घडवतात. त्या आम्ल आणि विकरे सोडून खवल्याची कड विरघळवतात. कोणत्या खवल्यावर त्या सक्रिय आहेत हे टार्ट्रेट या रसायनाला न जुमानणाऱ्या आम्ल फॉस्फटेज या त्यांच्या विकराला रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येते. कण्यालाही झळ लागते, पण पोहण्याचे ओझे कण्यावर असते. खवल्याची कड थोडी गेली तरी मासा पोहू शकतो.

गाबोळी नसणाऱ्या नराचेही खवले असेच झिजतात. त्याला हाड हवे असते, कारण त्याचा खालचा जबडा याच उपवासात लांबून आकड्यासारखा वळतो आणि विणीच्या जागेसाठी तो इतर नरांशी झुंजतो. त्याच्या रक्तात 11-कीटोटेस्टोस्टेरॉन हे नराचे संप्रेरक वाढते आणि त्वचा जाड होत जाते, इतकी की झिजलेले खवले तिच्यात पार बुडतात आणि चिमट्याने उपटायलाही जड जाते. म्हणूनच विणीच्या जागी मेलेल्या, सॉकायसारख्या पॅसिफिक महासागरातल्या सॅमनचे वय काढताना अभ्यासक खवल्यावर विसंबत नाहीत. ते कानातला खडा काढतात. ढोमा साफ करताना त्याच्या डोक्यात जे पांढरे खडे सापडतात, तेच हे. त्यांना अस्थिभक्षक पेशी हात लावत नाहीत.

जाड त्वचेची किंमतही मोजावी लागते. इंग्लंडमधल्या विंडरमिअर सरोवराकाठी 1970 च्या दशकात अ‍ॅलन पिकरिंग यांनी ब्राउन ट्राउटच्या त्वचेचा वर्षभर अभ्यास केला. प्रजननक्षम नरांच्या बाह्यत्वचेत श्लेष्मपेशी बऱ्याच कमी झालेल्या आढळल्या. बुळबुळीत थर हेच माशाचे जंतूंविरुद्धचे पहिले कवच, आणि विणीच्या हंगामात त्यांच्यावर सॅप्रोलेग्निया ही पाणबुरशी चढते. भाचीच्या फोटोतले पांढरे चट्टे बहुधा तिचेच.

लाल रंग मात्र आजार नव्हे. समुद्रात कोळंबीच्या जातीचे बारीक जीव खाऊन मांसात साठवलेले अ‍ॅस्टाझँथिन हे रंगद्रव्य आता त्वचेत आणि मादीच्या अंड्यांतही जाते. मांस फिके पडते आणि अंग लाल होते.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. हल्ली माशांच्या त्वचेपासून काढलेल्या 'मरीन कोलॅजेन'च्या पावडरी चेहरा तरुण करण्याच्या नावाने भरमसाट किमतीला विकल्या जातात. थंड पाण्यातल्या माशांच्या कोलॅजेनमध्ये हायड्रॉक्सिप्रोलिन हे अमिनो आम्ल कमी असते, त्यामुळे त्याच्या तीन साखळ्यांची तिपेडी वेणी लवकर सुटते. कॉड माशाच्या बाबतीत सुमारे 15 अंश सेल्सिअसलाच, तर गायीच्या कोलॅजेनची सुमारे 40 अंशांना. थंड पाण्यात राहायला ही रचना उत्तम आहे. तुमच्या पोटात ती अमिनो आम्ले आणि छोट्या पेप्टाइडांमध्ये तुटते. गिळलेले कोलॅजेन जसेच्या तसे गालात जाऊन बसते, असे सांगणाऱ्या जाहिरातीवर पैसे घालवू नका.

सॉकाय विणीनंतर मरतो. अटलांटिक सॅमनमधले काही मात्र वाचतात, त्यात माद्या जास्त. हिवाळाभर त्या नदीत काळपट, हडकुळ्या होऊन पडून असतात. वसंतात अंगावर पुन्हा चांदी चढते आणि त्या समुद्रात उतरून खाऊ लागतात. खवला पुन्हा वाढतो. पण झिजलेली कड भरून निघत नाही. नव्या कड्या तुटक्या जुन्या कड्यांना आडव्या छेदत पुढे जातात आणि मध्ये एक वेडावाकडा व्रण राहतो. खवला वाचणारे त्याला विणीची खूण म्हणतात. ज्या मादीच्या खवल्यावर असे दोन व्रण सापडतात, ती दोनदा वीण करून समुद्रात परतलेली असते.