बॅकपोर्टला होल्ड लावू नका, आणि व्हर्जनमधला तो ~ कशाला असतो

आमच्याकडून डेबियन लिनक्सचे बॅकपोर्ट (म्हणजे नव्या रिलीजमधली पॅकेजेस जुन्या रिलीजसाठी पुन्हा बिल्ड केलेली) घेणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितोय. दर आठवड्याला कोणीतरी विचारतंच की व्हर्जनच्या शेवटी ~बीपीओ१२+१ असं काय लावलंय, हे बीटा आहे का, अर्धवट आहे का. नाही, पॅकेज पूर्ण आहे. बीपीओ हे बॅकपोर्ट्स डॉट ऑर्ग या जुन्या नावाचं लघुरूप, १२ म्हणजे डेबियन १२, बुकवर्म.

खरी गंमत त्या ~ मध्ये आहे. डीपीकेजी (डेबियनमध्ये पॅकेज बसवणारं साधन) व्हर्जनची तुलना करतं तेव्हा ~ सगळ्यात खाली धरतं, काहीच नसण्यापेक्षाही खाली. म्हणजे २.४-१~बीपीओ१२+१ हे साध्या २.४-१ पेक्षा लहान ठरतं. उद्या तुम्ही डेबियन १३ वर गेलात आणि तिथे २.४-१ असलं, तर एपीटी (पॅकेज शोधून अपडेट करणारं साधन) आमचं पॅकेज आपणहून काढून तिथलं बसवतं, तुम्हाला काहीच करावं लागत नाही. बॅकपोर्ट हा पुढच्या रिलीजपर्यंतचाच पाहुणा असतो, आणि आम्ही स्वतः बिल्ड करतो त्या पॅकेजलाही हाच नियम लावतो.

आता ज्यात तुमचाही वेळ जातो आणि आमचाही, ते. "नवीन व्हर्जन छान चाललंय, आता हलायला नको" म्हणून बरेच जण एपीटी-मार्क होल्ड (पॅकेजचं अपडेट थांबवणारी कमांड) मारून ठेवतात, नाहीतर प्रेफरन्सेस.डी या एपीटीच्या सेटिंग फोल्डरमध्ये १००१ ची पिन (ठराविक व्हर्जनच धरून ठेवायला लावणारी नोंद) टाकतात, आणि मग विसरतात. दोन वर्षांनी रिलीज अपग्रेड करायला बसलं की सगळं अडतं. समजा होल्ड केलेल्या पॅकेजमध्ये पायथनचं कंपाइल केलेलं मॉड्यूल आहे. बुकवर्ममध्ये पायथन ३.११, ट्रिक्सीमध्ये (डेबियन १३) ३.१३. त्या पॅकेजला ३.१२ च्या खालचाच पायथन लागतो, ते हलत नाही म्हणून पायथन हलत नाही, पायथन हलत नाही म्हणून त्याच्यावर उभी असलेली इतर पॅकेजेस अडतात, आणि एरर वाचायला गेलं तर भलत्याच नावांची रांग दिसते, मूळ होल्ड कुठेतरी खाली दडलेला असतो. रात्रीच्या डाउनटाइममध्ये हे शोधत बसणं फार वाईट, आम्ही बसलोय म्हणून सांगतोय.

होल्ड लावण्यामागची भीती आम्हाला समजते. पण मुळात त्याची गरजच नाही. डेबियनचं बॅकपोर्ट रेपो आपणहून काही घुसवत नाही, त्याची प्रायॉरिटी १०० असते आणि नेहमीच्या रेपोची ५००, म्हणून तुम्ही मागितलं तेवढंच तिथून येतं आणि पुढे तेवढ्याचेच अपडेट येत राहतात. (ती प्रायॉरिटी हाताने ९९० केली तर मात्र तिथलं सगळंच यायला लागतं, ते करू नका.) शिवाय डेबियनची सिक्युरिटी टीम बॅकपोर्ट सांभाळत नाही, फिक्स येतो तो बॅकपोर्ट करणाऱ्याने टाकलेल्या नवीन व्हर्जनमधूनच. होल्ड लावला की तोही बंद.

काही जण म्हणतात एवढी वाट कशाला बघायची, टेस्टिंगमधून (पुढच्या रिलीजची तयारी चालते त्या शाखेतून) सरळ उचलतो. नका उचलू. त्याच्यामागून नवीन लिबसी (जवळजवळ सगळे प्रोग्रॅम जिच्यावर चालतात ती मूळ लायब्ररी) येते आणि मग मशीन ना धड बुकवर्म राहतं ना टेस्टिंग. आम्ही तोच सोर्स तुमच्या रिलीजच्या लायब्रऱ्यांवर पुन्हा बिल्ड करतो आणि टेस्ट करून देतो, त्याला वेळ लागतो तो याचसाठी.

एक वेगळी गोष्ट, पण तीही सारखी विचारतात. सिक्युरिटी स्कॅनरने "व्हर्जन जुनं" म्हटलं की लगेच बॅकपोर्ट मागू नका. जुलै २०२४ मध्ये ओपनएसएसएचमधलं (दूरच्या मशीनवर लॉगिन करायचं सॉफ्टवेअर) ते मोठं सुरक्षेचं भगदाड बाहेर आलं तेव्हा बुकवर्ममध्ये व्हर्जन ९.२ च राहिलं, फक्त शेवटी +डेब१२यू३ लागलं आणि फिक्स त्यातच होता. शेपूट वाचल्याशिवाय घाबरायचं नाही.

ट्रिक्सी ९ ऑगस्ट २०२५ ला आलंय, त्यामुळे आता बऱ्याच जणांचं अपग्रेड व्हायचंय. त्याआधी एपीटी-मार्क शोहोल्ड चालवा, प्रेफरन्सेस.डी उघडून बघा (पिन काढा, होल्ड तपासा, हे डेबियनच्या रिलीज नोट्समध्येही लिहिलंय), आणि डीपीकेजीच्या यादीत बीपीओ शोधून जे सापडेल ते आम्हाला पाठवा. ट्रिक्सीत तेवढंच किंवा नवीन व्हर्जन असेल तर काहीच करायचं नाही. तुमचं व्हर्जन ट्रिक्सीपेक्षाही पुढचं असेल तर ते आपोआप बदलणार नाही, अशांसाठी आम्ही ~बीपीओ१३+१ चं बिल्ड आधीच तयार ठेवतो. मेन्टेनन्स कॉन्ट्रॅक्ट असलेल्यांना ही तपासणी त्यातच मिळते, बाकीच्यांनीही यादी जरूर पाठवा, निदान कुठे अडेल ते सांगू. फक्त अपग्रेडच्या रात्री नको, दोन आठवडे आधी पाठवा, बिल्डला तेवढा वेळ लागतोच.