मेंदूची पेशी आधी गप्प होते, मग मरते : लकव्यामागील संशोधनाची पार्श्वभूमी

नागपुरात लकव्याचा रुग्ण मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाच्या) कॅज्युअल्टीत आणला गेला की डॉक्टर सर्वांत आधी त्रास नेमका किती वाजता सुरू झाला हे विचारतात. या एका प्रश्नामागे जवळपास अर्ध्या शतकाचे संशोधन आहे.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे 2 टक्के असले तरी तो सुमारे 20 टक्के ऑक्सिजन वापरतो आणि साठा जवळजवळ ठेवत नाही. लकव्यात बहुतेक वेळा मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद पडते. त्यामुळे ती बंद पडताच तिथल्या पेशी संपल्या, असाच समज पूर्वी होता. 1977 मध्ये अ‍ॅस्ट्रुप, सायमन आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी बबून माकडांवरील प्रयोगांतून त्याला छेद दिला. दर 100 ग्रॅम मेंदूला मिनिटाला सुमारे 50 मिलिलिटर रक्त मिळते. ते 20 च्या खाली गेले की पेशींचे विद्युत संदेश थांबतात, पण पोटॅशियम पेशीबाहेर सांडू लागते, म्हणजे पेशी मरणाच्या वाटेला लागते, ते 10 च्या आसपास. या दोन पातळ्यांमधली पेशी काम थांबवून, उरलेली ऊर्जा जगण्यासाठी वापरत तग धरून असते. माझ्या मते पुढच्या साऱ्या उपचारांचा पाया हाच शोध आहे.

ही पेशी पुढे मरते कशी, याचा धागा संशोधक जॉन ओल्नी यांनी 1969 मध्येच दिला होता : ग्लुटामेट हे संदेशवाहक रसायन अतिरेकाने चेतापेशी मारते. रक्तपुरवठा तुटल्यावर मेंदूत ते साचते, हे 1984 मध्ये उंदरांत मोजले गेले. त्यातून कॅल्शियम पेशीत घुसते आणि पेशी आतून मोडते.

बचावाची बाजू मात्र मेंदूबाहेरच्या संशोधनातून उलगडली. सेमेन्झा आणि वँग या संशोधकांनी 1992 मध्ये ओळखलेले एचआयएफ-1 हे प्रथिन ऑक्सिजन असताना सतत नष्ट होते आणि तो घटला की टिकून राहून नव्या रक्तवाहिन्यांची व साखरेच्या वापराची जनुके चालू करते. या विषयातील कामाला 2019 चे नोबेल मिळाले. परंतु हा बचाव उभा राहायला तास लागतात, हानी मिनिटांत होते.

पेशींना थेट वाचवणारी औषधे प्राण्यांत चालली, माणसांत एकामागून एक फसली. यश मिळाले ते रक्त पुन्हा वाहते करण्याला : 1995 च्या चाचणीत गुठळी विरघळवणारे औषध 3 तासांत, 2008 पासून साडेचार तासांपर्यंत. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यातून नागपूर गाठायलाच त्यातला मोठा वेळ जातो. म्हणूनच 2018 च्या चाचण्या महत्त्वाच्या वाटतात : स्कॅनमध्ये अजून जिवंत भाग दिसणाऱ्या निवडक रुग्णांत गुठळी यंत्राने काढणे 24 तासांपर्यंत उपयोगी ठरले.