कात्री प्रेक्षकाच्या हाती कशी आली

गेल्या महिन्यात नौपाड्यात एका मित्राच्या घरी आम्ही सात-आठ जण ‘एलियन 3’ बघायला जमलो होतो. पहिल्या काही मिनिटांतच वाद पेटला. आधीच्या भागात नायिका रिप्लीने जिवावर उदार होऊन वाचवलेली न्यूट नावाची पोर आणि त्यांच्यासोबतचा सैनिक हिक्स, दोघंही इथे यान कोसळताच मरतात. माझा भाचा म्हणाला, “मामा, हे एवढं कापलं ना, तर पिक्चर सुधारेल.” तो घोडबंदर रोडला राहतो आणि लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. कापणं-जोडणं हेच त्याचं पोट. मी तेव्हा नुसतं ‘नाही’ म्हणालो. का नाही, हे सांगायचं तर बरंच मागे जावं लागतं.

दुसऱ्याने बनवलेला सिनेमा कापून आपल्याला हवा तसा करून घेणं (चाहते हे करतात तेव्हा त्याला आज ‘फॅन एडिट’ म्हणतात) इंटरनेटच्या कितीतरी आधीचं आहे. 1920 च्या दशकात मॉस्कोत एस्फिर शुब ही संपादिका परदेशी सिनेमे सोव्हिएत प्रेक्षकांसाठी नव्याने जुळवायची. जर्मन दिग्दर्शक फ्रित्झ लांगचा ‘डॉ. माबुझे’ ती कापत होती तेव्हा पुढे मोठा दिग्दर्शक झालेला तरुण आयझेनस्टाइन शेजारी बसून शिकत होता. लांगच्याच ‘मेट्रोपोलिस’चे हाल आणखी वाईट झाले. 1927 साली बर्लिनमध्ये अडीच तासांचा दाखवलेला हा विज्ञानपट वितरकांनी इतका छाटला की जवळजवळ चौथा हिस्सा नाहीसाच झाला. 2008 साली ब्युनॉस आयर्सच्या एका संग्रहालयात 16 मिलिमीटरची, ओरखड्यांनी भरलेली पण बरीचशी पूर्ण प्रत सापडली. तेव्हा कळलं, की जी पात्रं पडद्यावर उगाच घुटमळताना दिसायची त्यांनाही स्वतःची गोष्ट होती. विज्ञानपटाची कात्रीशी पहिली मोठी गाठ पडली ती अशी, नुकसानीतून.

‘ब्लेड रनर’ने मात्र उलटा विश्वास पेरला. 1982 साली, चाचणी खेळांतल्या प्रतिक्रियांना घाबरून, निर्मात्यांनी नायकाच्या आवाजातलं निवेदन घातलं आणि गोड शेवट चिकटवला. त्या शेवटात दिसणारे डोंगर तर ‘द शायनिंग’साठी चित्रित करून वापरायचे राहिलेले. 1990 मध्ये लॉस एंजेलिसच्या एका थिएटरात जवळजवळ निवेदन नसलेली कच्ची प्रत चुकून लागली. तिच्या पुढच्या खेळांना गर्दी लोटली, आणि त्यातून 1992 ची दिग्दर्शकाची आवृत्ती आणि अखेर 2007 ची अंतिम आवृत्ती आली. प्रेक्षकाच्या मनात एक गोष्ट पक्की बसली: थिएटरात लागला तो सिनेमा शेवटचा नसतो, खरा सिनेमा आत कुठेतरी दडलेला असतो. फॅन एडिटचा सगळा डोलारा या एका श्रद्धेवर उभा आहे.

मग आलं 1999. सोळा वर्षं वाट पाहिलेला ‘स्टार वॉर्स’चा नवा भाग, ‘द फँटम मेनेस’, लोकांच्या पदरी निराशा टाकून गेला. वर्ष-दीड वर्षात कॅलिफोर्नियात एक व्हीएचएस कॅसेट हातोहात फिरू लागली, ‘द फँटम एडिट’. एका व्यावसायिक संपादकाने घरच्या कॉम्प्युटरवर मूळ सिनेमातली जवळपास 20 मिनिटं उडवली होती. जार जार या विदूषकी पात्राचे माकडचाळे कमी, लहान अ‍ॅनाकिनचं चित्कारणं कमी, समजावून सांगणारे संवाद कमी. सुरुवातीला पडद्यावर सरकणारा मजकूरही त्याने बदलला होता आणि आपण हे का केलं ते त्यातच लिहिलं होतं. मी ही आवृत्ती पुष्कळ नंतर पाहिली. सिनेमा खरोखर सुटसुटीत झाला होता. पण व्यापारकर आणि नाकेबंदीची ती कथा होती तिथेच होती. मेद उतरला, हाडं तीच राहिली.

हे घरबसल्या जमू लागलं त्याला कारणं होती. डीव्हीडीमुळे स्वच्छ चित्र घरात आलं, सोबत गाळलेले प्रसंगही आयते मिळू लागले. त्याहून मोठी देणगी आवाजाची. 5.1 ध्वनीमध्ये, म्हणजे आवाज सहा वेगळ्या चॅनेलांत विभागलेला असतो त्या पद्धतीत, संवाद बहुतांशी मधल्या चॅनेलवर असतात आणि संगीत बाजूच्या चॅनेलांवर पसरलेलं असतं. मधला चॅनेल बंद केला की नको असलेलं वाक्य जातं आणि मागचं संगीत शिल्लक राहतं. खरी पंचाईत होते ती प्रसंगाच्या मध्यावर कापताना. चित्राचा सांधा डोळ्यांना कळत नाही, पण व्हायोलिनचा सूर तुटला की कानाला लगेच खटकतो. त्यामुळे चांगला फॅन एडिटर आधी कान लावतो, कुठे संगीत श्वास घेतं ते बघतो, आणि तिथेच कात्री चालवतो. भाच्याला हे सांगावं लागलं नाही. सप्तपदीच्या मंत्रांमध्ये कुठे कापायचं हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

2003 मध्ये ‘मेट्रिक्स’चे दुसरा आणि तिसरा भाग सहा महिन्यांच्या अंतराने आले. निराश चाहत्यांपैकी कुणीतरी दोन्ही भाग जोडून, झायन शहराचे बहुतेक प्रसंग वगळून एकच सिनेमा बनवला. वेग आला, पण ज्या शहरासाठी सगळे जीव देतात तेच दिसेनासं झालं. 2018 मध्ये तर ‘स्टार वॉर्स’च्या ‘द लास्ट जेडाय’मधल्या बायकांचा वाटा जमेल तितका छाटून कुणीतरी 46 मिनिटांचा तुकडा तयार केला. सिनेमावर प्रेम असणाऱ्या माणसाच्या हातून असं काही होईल हे मला पटत नाही. ती दुरुस्ती नव्हती, तो राग होता.

आपल्याकडे नाटकाला ही सोय जन्मजात आहे. गडकरी रंगायतनला एखाद्या नव्या नाटकाचा तिसरा प्रयोग आणि तिसावा प्रयोग बघा. मधल्या काळात एखादा प्रवेश आवळलेला असतो, रेंगाळणारं स्वगत गेलेलं असतं. कापाकापी तिथेही होते, पण लेखक, दिग्दर्शक आणि नट हजर असतात. प्रसंग काढला तर त्याची जागा कशाने भरायची हे ते ठरवू शकतात. फॅन एडिटरकडे फक्त चित्रित झालेलं असतं.

‘एलियन 3’ इथेच अडतो. पटकथा ठरण्याआधी सेट उभे राहत होते. लाकडी ग्रहावरच्या साधूंची आधीची कल्पना बाजूला पडून तुरुंगाची आली होती. डेव्हिड फिंचरचा हा पहिलाच सिनेमा, आणि स्टुडिओशी त्याचे सतत खटके उडत होते. 2003 मध्ये सुमारे अर्धा तास जास्त लांबीची ‘असेंब्ली कट’ निघाली. फिंचर तिच्यात सहभागी झाला नाही. तरीही 1992 च्या आवृत्तीपेक्षा ती कितीतरी चांगली आहे, कारण कैद्यांना चेहरे मिळतात. न्यूट आणि हिक्स तिच्यातही मरतात.

या बाबतीत मला पैठणचे एकनाथ महाराज आठवतात. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, त्यांनी ज्ञानेश्वरीच्या अनेक पोथ्या ताडून पाठ शुद्ध केला. नक्कलकारांच्या हातून शिरलेलं काढलं. काम पुरं झाल्यावर त्यांनी बजावलं, की यापुढे यात कुणी आपली ओवी घालेल तर त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवली असं समजावं. सिनेमा पोथीइतका पवित्र नाही, हे मला मान्य आहे. पण उपरं काढणं वेगळं आणि आपलं घालणं वेगळं, ही रेघ त्यांनी चारशे वर्षांपूर्वी ओढून ठेवली आहे. ‘ब्लेड रनर’चं निवेदन हे उपरं होतं. न्यूटचं मरण उपरं नाही.

आता ही रेघ पुसट होते आहे. 1 ऑगस्ट 2025 ला ‘रांझणा’ची तमिळ आवृत्ती शेवट बदलून पुन्हा प्रदर्शित झाली. मूळ सिनेमात मरणारा नायक एआयच्या मदतीने जिवंत ठेवला होता. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि धनुष दोघांनीही उघड विरोध केला. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 57 नुसार कलाकृतीची मोडतोड झाली तर ‘लेखका’ला दाद मागता येते. पण त्याच कायद्यात सिनेमाचा लेखक म्हणजे निर्माता. दिग्दर्शकाचं नावच तिथे नाही. कात्रीला आता चित्रित न झालेलंही जोडता येतं, आणि ज्याने सिनेमा मनात पाहिला त्याला विचारायचं बंधन कुणावर नाही. मला याची खरोखर भीती वाटते.

गेल्या रविवारी भाचा लॅपटॉप घेऊन तलावपाळीला भेटला. त्याने स्वतःपुरता प्रयोग करून पाहिला होता: दोघांच्या मृत्यूचे उल्लेख काढले, भट्टीतला अंत्यविधी काढला, शवविच्छेदनाचा प्रसंग काढला. यान पडतं, रिप्ली एकटीच शुद्धीवर येते, सांधे कुठेही कळत नाहीत. मी म्हटलं, काम सुरेख झालंय.

“हो, पण मामा,” तो म्हणाला, “पुढे सगळा वेळ ती गप्प का असते, तेच कळेना झालंय.” अंत्यविधीचा प्रसंग त्याने परत जागेवर ठेवला होता.