टाळीचे हात, तबल्याचे हात: पडद्यावरच्या डायनोसॉरच्या चुका कुठून आल्या

डायनोसॉरचा नवा सिनेमा आला की बडोद्यातल्या मराठी घरांतही वाद ठरलेला असतो. रॅप्टरला पिसं का नाहीत? एवढा मोठा मासा गिळणारा प्राणी खरंच होता का? एक जण म्हणतो सगळं थोतांड आहे, दुसरा म्हणतो अरे सिनेमाच आहे तो. अशा वेळी कागदावर सिनेमाचं साल आणि शेजारी शोधाचं साल लिहावं. निम्मा वाद तिथेच मिटतो, कारण बऱ्याच 'चुका' सिनेमा निघाला तेव्हा चुका नव्हत्याच. उरलेल्या मात्र जाणूनबुजून केलेल्या होत्या, आणि त्यांचीच चर्चा करण्यात मजा आहे.

सगळ्यांत जुनी चूक उभं राहण्याची. बेल्जियमच्या एका कोळशाच्या खाणीत १८७८ मध्ये इग्वानोडॉन या डायनोसॉरचे सांगाडे सापडले. ते जोडताना कांगारूसारखे ताठ उभे केले आणि शेपटी जमिनीवर टेकवली. तीच ढब चित्रांतून १९३३ च्या 'किंग काँग'पर्यंत आणि पुढेही चालत आली. १९५४ च्या 'गॉडझिला'ला वेगळी अडचण होती: पोशाखाच्या आत माणूस उभा, तो आडवा होऊन चालणार कसा? प्रत्यक्षात इग्वानोडॉनच्या शेपटीतले स्नायुबंध हाडासारखे कडक झालेले होते. १९८० मध्ये नव्याने अभ्यास झाला तेव्हा दिसलं की शेपटी तशी वाकवायची तर ती मोडावीच लागते. पायांच्या ठशांच्या पट्ट्यांतही मागे शेपटी फरफटल्याची रेघ जवळपास कधी दिसत नाही. बागांमधल्या सिमेंटच्या डायनोसॉरची शेपटी अजून जमिनीला टेकलेली असते, ती या जुन्या चित्रांची नक्कल.

१९९३ च्या 'ज्युरासिक पार्क'ने पाठीचा कणा आडवा आणि शेपटी हवेत ठेवली, हे त्याचं मोठं श्रेय. आपल्याकडे १९९४ मध्ये तो हिंदीत आला आणि एका पिढीच्या डोक्यात डायनोसॉर म्हणजे तो, असं पक्कं बसलं. म्हणून वादही सगळे त्याच्याच भोवती.

त्यातला व्हेलोसिरॅप्टर घ्या, ज्याला सगळे नुसतं रॅप्टर म्हणतात तो. खरा व्हेलोसिरॅप्टर मंगोलियातला. शेपटीसकट लांबी सुमारे २ मीटर, कमरेपाशी उंची अर्धा मीटर, वजन १५ ते २० किलो. म्हणजे गल्लीतल्या कुत्र्याइतका, फक्त शेपटी लांबलचक. पडद्यावर मात्र तो माणसाच्या डोळ्याला डोळा भिडवतो. याचा धागा डायनोनिकस या दुसऱ्या प्राण्याकडे जातो. जॉन ऑस्ट्रम यांनी १९६९ मध्ये अमेरिकेतल्या मोंटानाच्या जीवाश्मांवरून त्याचं वर्णन केलं. लांबी सुमारे ३.४ मीटर. १९८८ मध्ये ग्रेगरी पॉल यांनी आपल्या पुस्तकात डायनोनिकसला व्हेलोसिरॅप्टरच्याच वंशात टाकलं. ज्या कादंबरीवर सिनेमा बेतला तिने ते वर्गीकरण उचललं. शास्त्रज्ञांनी ते स्वीकारलं नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. सिनेमाच्या सुरुवातीचं उत्खनन मोंटानात दाखवलंय, तिथेच मेख आहे: व्हेलोसिरॅप्टर तिथे सापडतच नाही. शिवाय पडद्यावरचा प्राणी डायनोनिकसपेक्षाही वाढवलेला. योगायोग असा की त्याच १९९३ मध्ये ५ ते ६ मीटर लांबीच्या युटारॅप्टरचं वर्णन प्रसिद्ध झालं आणि सिनेमावाल्यांना आयतीच ढाल मिळाली.

पिसांचं साल नीट पाहावं. पिसांसारखे तंतू असलेला सायनोसॉरोप्टेरिक्स हा डायनोसॉर चीनमधून १९९६ मध्ये पुढे आला. व्हेलोसिरॅप्टरच्या हाताच्या हाडावर पिसं रोवली जाण्याच्या जागी असतात तशा गाठी २००७ मध्ये दाखवल्या गेल्या. म्हणजे १९९३ ला माफी, २००१ च्या तिसऱ्या भागाला अर्धी माफी (तिथे नराच्या डोक्यावर थोडे तुरे लावलेत), आणि २०१५ च्या 'ज्युरासिक वर्ल्ड'ला बिलकूल नाही. तिथे पिसं नसणार हे दिग्दर्शकाने २०१३ मध्येच जाहीर केलं होतं. पटकथेत मग पळवाट ठेवली की या प्राण्यांच्या जनुकांत इतर प्राण्यांची भर आहे, ते शुद्ध असते तर वेगळे दिसले असते. पळवाट हुशारीची आहे, पण ती पिसांपुरती. मनगटाला लागू पडत नाही.

मनगटाची चूक कोपर टेबलावर टेकवून पाहता येते. तळवा छताकडे करा, मग हळूहळू खाली वळवा. दुसऱ्या हाताने मनगट ते कोपर चाचपलंत तर आतली दोन हाडं एकमेकांवरून फिरताना जाणवतील. रॅप्टरच्या हातात ही दोन हाडं अशी एकमेकांवर चढूच शकत नव्हती. त्यामुळे त्याचे तळवे समोरासमोर, टाळी वाजवायला धरतो तसे; तबल्यावर ठेवतो तसे पालथे नव्हेत. मनगटात अर्धचंद्राकृती एक हाड होतं, त्यावर हात बाजूला घडी व्हायचा, पक्ष्याचा पंख मिटतो तसा. हे हाड १९६९ मध्येच नोंदलं गेलं होतं. तळवा खाली वळत नाही हे पक्कं व्हायला मात्र आणखी काही दशकं लागली. पडद्यावर हात पालथे लोंबकळतात, कारण तसे ते आपल्याला 'शिकारी' वाटतात. नवा सिनेमा पाहताना पहिल्यांदा हात बघा, बाकी नंतर.

शास्त्रज्ञाचं ऐकलं गेल्याचं उदाहरणही १९९३ च्याच सिनेमात आहे. सुरुवातीच्या नमुन्यात रॅप्टर सापासारखी दुभंगलेली जीभ बाहेर काढत होता. सल्लागार जॅक हॉर्नर यांनी हरकत घेतली. त्याऐवजी स्वयंपाकघराच्या दाराच्या काचेवर त्याच्या श्वासाची वाफ धरते तो प्रसंग आला. भीतीही वाढली आणि प्राणी गरम रक्ताचा असल्याचं एका फटक्यात सांगून झालं.

टी. रेक्सची बाजू अशी की त्याचा आकार ठीक, धावणं चूक. सिनेमात त्याचा वेग ताशी ३२ मैल, म्हणजे जवळपास ५१ किलोमीटर सांगतात. २००२ मध्ये हचिन्सन आणि गार्सिया या संशोधकांनी हिशेब मांडला. लांबी दुप्पट झाली की वजन आठपट होतं, पण स्नायूंची ताकद त्यांच्या आडव्या छेदावर ठरते, ती चौपटच होते. सहा टनांचा टी. रेक्स ताशी ७० किलोमीटरने धावायचा तर त्याच्या वजनाचे सुमारे ८६ टक्के पायांच्या स्नायूंनाच द्यावे लागतील. मग पोट, डोकं, शेपटी कुठे ठेवणार? याच हिशेबाने कोंबडी सहा टनांची केली तर तीही धावू शकत नाही. आपण हललो नाही तर त्याला दिसत नाही, हेही खोटं: दोन्ही डोळे पुढे वळलेले होते आणि दोन्हींना एकदम दिसणारा पट्टा सुमारे ५५ अंशांचा होता. पण चित्रीकरणाची अडचण खरी होती. पावसाच्या प्रसंगातला सुमारे १२ मीटर लांबीचा यांत्रिक टी. रेक्स कोरड्या वजनासाठी बेतलेला. फोमची कातडी पाणी प्यायली, वजन वाढलं आणि यंत्र थरथरू लागलं. शॉट झाला की टॉवेलने पुसून वाळवावं लागायचं. सिनेमाच्या चुका काढणाऱ्यांनी हा स्पंज झालेला टी. रेक्सही लक्षात ठेवावा.

डायलोफोसॉरसवर सर्वांत मोठा अन्याय झालाय. हा खरा प्राणी ६ ते ७ मीटर लांब. पडद्यावर लहान केला तो रॅप्टरशी घोटाळा होऊ नये म्हणून. मानेची झालर आणि विषारी थुंकी यांना हाडांत काहीच पुरावा नाही. ही शुद्ध कल्पना. तिला कुठलंच साल लागू करता येत नाही.

मोसासॉरस (हा मुळात डायनोसॉरच नाही, समुद्री सरपटणारा प्राणी) मोजायला बडोद्यात मापदंड हाताशी आहे. कमाटी बागेतल्या संग्रहालयात निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे, सत्तरेक फुटांचा, म्हणजे सुमारे २२ मीटर. त्याच्या डोक्याकडे उभे राहून शेपटीकडे चालत जा. खऱ्या मोसासॉरसचे अंदाज ११ ते १७ मीटरच्या घरात आहेत. तो या सांगाड्याच्या अर्ध्या-पाऊण वाटेवरच संपतो. 'ज्युरासिक वर्ल्ड'मधला सांगाड्याच्याही पुढे जातो आणि टांगलेला शार्क एका घासात गिळतो. सापडलेला सर्वांत मोठा खालचा जबडा १.७ मीटरचा आहे, त्यात पाच मीटरचा शार्क अख्खा जाणं अवघड. त्याच्या पाठीवरची झालर तर एका जुन्या गफलतीची वारस. १८९८ मध्ये श्वासनलिकेच्या कूर्चेची कडी पाठीवरची झालर समजली गेली. त्याच शास्त्रज्ञाने १९०२ मध्ये चूक मान्य केली, पण चित्रकारांपर्यंत दुरुस्ती पोचलीच नाही.

आता घरचा पाहुणा. बालासिनोरजवळच्या रैयोलीत, बडोद्याहून साधारण शंभर किलोमीटरवर, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लोकांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हाडं गोळा केली. त्यातूनच २००३ मध्ये राजासॉरस नर्मदेन्सिस जाहीर झाला: साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, कपाळावर एकच बुटकं शिंग असलेला मांसाहारी. याला पिसं लावायचा मोह आवरावा. त्याचा दक्षिण अमेरिकेतला नातलग कार्नोटॉरस याच्या कातडीचे ठसे सापडलेत आणि त्यांत खवलेच आहेत. पिसांचा शोध लागला म्हणून प्रत्येक डायनोसॉरला पिसं, हीसुद्धा चूकच. २०२३ च्या एका माहितीपट मालिकेत राजासॉरस दख्खनच्या ज्वालामुखींच्या परिसरात आयसिसॉरस या लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉरची पिल्लं टिपताना दाखवलाय. तो आयसिसॉरस चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचा, हे अनेक मराठी प्रेक्षकांच्या लक्षात आलं नसेल.

राजासॉरसच्या प्रत्येक चित्रात हात उसने असतात, कारण त्याचे हात सापडलेलेच नाहीत. मादागास्करच्या माजुंगासॉरससारख्या नातलगांवरून ते काढतात: खांद्याखाली जेमतेम खुंट, कोपर असून नसल्यासारखं. एखाद्या मूर्तीत त्याला लांब, शिकारी नखांचे हात दिसले तर ते रॅप्टरवरून आलेत असं समजा. आणि फलकावर लांबी ९ मीटर लिहिलेली असेल तर तो मजकूर जुना आहे. २०१६ च्या मोजमापात ती ६.६ मीटरवर आली.