कागदावर ४५० जीबी

२००६च्या नोव्हेंबरमध्ये केरळमधून एक बातमी आली आणि बघता बघता जगभर फिरली. मलप्पुरम जिल्ह्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याने साध्या कागदावर कॉम्प्युटरची माहिती साठवायची युक्ती काढली होती. गोल, त्रिकोण, चौकोन असे रंगीबेरंगी आकार छापायचे आणि स्कॅनरने ते परत वाचायचे. अशा कागदी चकतीवर म्हणे ९० ते ४५० जीबी मावणार होते. तेव्हा साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावायचे, म्हणजे जवळजवळ शंभर डीव्हीडी एका कागदावर! आपल्याकडच्या मुलाने लावलेला शोध, तोही स्वस्त आणि पर्यावरणाला पूरक. कुणालाही खरी वाटावीशी वाटेल अशीच ही बातमी होती.

ती खरी की खोटी हे ठरवायला प्रयोगशाळा लागत नाही. पाठकोरा कागद आणि पेन पुरे.

चकती राहू दे, आपण उदार होऊन अख्खं ए-फोर पान देऊ. चांगला स्कॅनर एका इंचात १२०० ठिपके वेगळे ओळखतो असं धरू. पान रुंदीला ८.२७ इंच आणि उंचीला ११.६९ इंच असतं. गुणाकार केला की पानावर सुमारे १३ कोटी ९० लाख ठिपके बसतात. आता आणखी उदार होऊ आणि प्रत्येक ठिपका १ कोटी ६७ लाख रंगछटांपैकी कुठल्याही एका छटेचा असू शकतो, शिवाय स्कॅनर ती छटा दर वेळी बिनचूक ओळखतो, असंही मान्य करू. एका बाईटमध्ये २५६ पर्याय मावतात आणि २५६ × २५६ × २५६ म्हणजे १ कोटी ६७ लाख, म्हणून इतक्या छटा म्हणजे ठिपक्यामागे ३ बाईट. एकूण झाले जवळपास ४२ कोटी बाईट, म्हणजे ४२० एमबी. साध्या सीडीत यापेक्षा जास्त, ७०० एमबी मावतात. ४५० जीबीचा दावा या कमाल आकड्याच्याही हजारपट पुढे जातो.

मग त्या आकारांचं काय? त्रिकोण-चौकोनांत काही जादू असेल की? नाही. स्कॅनरला त्रिकोण दिसतच नाही, त्याला ठिपके दिसतात; त्रिकोण आपण नंतर त्यातून शोधून काढतो. शंभर ठिपके खर्चून एक त्रिकोण काढणं म्हणजे शंभर अक्षरांच्या जागेत एकच अक्षर मोठ्ठं लिहिणं. त्याने जागा वाढत नाही, वाया जाते.

गणित उलट बाजूने केलं तर आणखी मजा येते. पानावर खरोखरच ४५० जीबी बसवायचे तर एक ठिपका केवढा हवा? उत्तर येतं सुमारे ०.६५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान. कागदाचा एकेक तंतूच काही दहा मायक्रॉन जाड असतो आणि शाई त्यावर पडली की पसरते. शिवाय तांबड्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण एवढीच, ०.६५ मायक्रॉनच्या आसपास, आणि आपल्या तरंगलांबीएवढे बारीक ठिपके वेगळे दाखवणं प्रकाशालाही जड जातं. घरगुती स्कॅनरने असे ठिपके वाचायचे म्हणजे सुतळीने सुईत ओवायचं.

त्या विद्यार्थ्याने पुढे सांगितलं की वर्तमानपत्रांनी तंत्राचा चुकीचा अर्थ काढला. तसं असेलही. मला त्याच्यापेक्षा राग येतो तो बातमी छापणाऱ्यांचा, कारण वरचा गुणाकार सातवीच्या पोराला येतो.

कागदावर खरोखर काय जमतं ते बघायचं तर पानपट्टीवाल्याच्या काउंटरवर बघा. तिथला क्यूआर कोड १९९४ साली जपानच्या डेन्सो कंपनीत तयार झाला. त्याच्या सर्वांत मोठ्या प्रकारात १७७ गुणिले १७७ चौकटी असतात, आणि त्यात माहिती मावते जास्तीत जास्त २,९५३ बाईट. आठ चौकटींचा एक बाईट धरून येणारा आकडा याहून मोठा आहे, ३,९०० बाईटच्या वर. मधली जागा जाते ती कोपरे ओळखण्याच्या खुणांत आणि चुका दुरुस्त करण्याच्या सोयीत. कागद मळतो, चुरगळतो, त्यावर चहा सांडतो, म्हणून ही सोय लागते. खऱ्या यंत्राला असा तोटा सोसावाच लागतो. दाव्यातल्या यंत्राला तो कधीच नसतो, आणि माझा पहिला संशय तिथेच जागा होतो.

केरळच्या बातमीच्याही आधीचा एक किस्सा हॉलंडचा. यान स्लूट नावाचा इलेक्ट्रॉनिक्स तंत्रज्ञ १९९०च्या दशकात एक छोटी पेटी घेऊन गुंतवणूकदारांना भेटत होता. त्याचा दावा होता की अख्खा चित्रपट ८ केबीत साठवता येतो. पेटीतून चित्रपट झरझर सुरू व्हायचे, पुढे-मागे करता यायचे, बघणारे थक्क व्हायचे. फिलिप्समध्ये वरच्या पदावर असलेले रूल पीपर यांच्यासारखा जाणकार माणूसही त्याच्या पाठीशी उभा राहिला. १९९९च्या जुलैत, व्यवहार पक्का होण्याच्या अगदी तोंडावर, स्लूट हृदयविकाराने गेला आणि गुपित त्याच्याबरोबर गेलं. या मृत्यूमुळे गोष्टीला रहस्यकथेचा रंग चढला. आजही काही जण हळहळतात की केवढा शोध हरवला!

पण ८ केबी म्हणजे ६५,५३६ बिट. बिट म्हणजे एका हो-नाही प्रश्नाचं उत्तर. दीड तासाचा चित्रपट सेकंदाला २५ चित्रांच्या हिशेबाने १ लाख ३५ हजार चित्रांचा होतो. म्हणजे दोन चित्रांत मिळून एक हो-नाही. एवढ्यात नायिकेच्या साडीचा रंग सोडाच, पडद्यावर नायिका आहे की नाही एवढंही धड सांगता येत नाही.

इथे एक पळवाट आहे आणि ती समजून घेण्यासारखी आहे. हजेरीपटावर रोल नंबर १७ म्हटलं की वर्गातला नेमका एक मुलगा उभा राहतो. दोन आकड्यांत अख्खा मुलगा मावला का? नाही, मुलगा आधीपासून वर्गात बसलेला होता. तसंच पेटीत चित्रपट आधीच भरलेले असतील तर प्रत्येकाला एक क्रमांक द्यायला ८ केबीसुद्धा फार झाले. पण मग साठवण पेटीत झाली, क्रमांकात नाही. कुठलाही नवा चित्रपट आणा, मी तो ८ केबीत बसवतो, असं म्हणणारा मात्र गणिताशीच भांडतोय, आणि त्या भांडणात अजून कुणी जिंकलेलं नाही.

प्रात्यक्षिक डोळ्यांनी पाहिलं, हा युक्तिवाद मला म्हणूनच पटत नाही. चीनमध्ये २००३ साली ‘हानशिन’ नावाची स्वदेशी चिप मोठ्या थाटात जाहीर झाली. शांघायच्या जिआओ तोंग विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाने ती बनवल्याचं सांगितलं. २००६ साली बनाव उघड झाला. मोटोरोलाच्या चिपवरचं नाव खरवडून तिथे नवं नाव छापलं होतं. चिप चालत होती, फक्त ती त्यांची नव्हती.

म्हणून प्रत्येक मोठा दावा उडवून लावावा का? तेही चूक. १९८८ साली फ्रान्समध्ये आल्बेर फेअर आणि जर्मनीत पीटर ग्र्युनबर्ग यांच्या गटांनी धातूंचे काही अणूंच्या जाडीचे थर एकमेकांवर चढवले. चुंबकीय क्षेत्र बदललं की या थरांचा विद्युतरोध अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त बदलतो, असं त्यांना आढळलं. दोघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे एकच गोष्ट पाहिली. तिच्या जोरावर हार्डडिस्कवरची चुंबकीय माहिती वाचणारं टोक अधिक संवेदनशील झालं, १९९७ साली तशी हार्डडिस्क बाजारात आली आणि २००७ साली दोघांना नोबेल मिळालं. शोधापासून दुकानापर्यंत नऊ वर्षं लागली. आणि इतकं होऊनही हार्डडिस्कची क्षमता एका रात्रीत हजारपट झाली नाही, वर्षावर्षाने वाढत गेली.

हे सगळं माझ्या सांगलीच्या मामाला ऐकवायचा प्रसंग गेल्या दिवाळीत आला. त्याने ऑनलाइन पाचशे रुपयांत २ टीबीचा पेनड्राइव्ह मागवला होता. ‘‘बघ, कॉम्प्युटरच दोन टीबी दाखवतोय!’’ दाखवणारच. पेनड्राइव्हमधली नियंत्रक चिप जे सांगते तेच कॉम्प्युटर ऐकतो, आणि भामटे नेमकं तिलाच खोटं बोलायला शिकवतात. आतली साठवणीची चिप लहानच असते. ती भरली की नव्या फायली जुन्यांवर लिहिल्या जातात नाहीतर कुठेच जात नाहीत. फायलींची नावं मात्र यादीत शाबूत दिसतात, त्यामुळे फोटो उघडेपर्यंत कळत नाही.

यावर उपाय एकच, काठोकाठ भरायचं आणि भरलेलं सगळं परत वाचून ताडून बघायचं. एच-टू-टेस्ट-डब्ल्यू किंवा एफ-थ्री असे फुकट प्रोग्राम हे काम करतात. पण सेकंदाला १० एमबीच्या वेगाने २ टीबी नुसते लिहायलाच दोन दिवसांवर लागतात, आणि माझी परतीची गाडी त्याच रात्री होती. म्हणून ४० जीबीच भरून पाहिले. परत वाचताना २९ जीबीपर्यंत सगळं ठीक होतं, पुढे नुसता कचरा.

मामा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘‘पाचशेत एकोणतीस जीबी, तसं वाईट नाही.’’ आता तो पेनड्राइव्ह त्याच्या गाडीत असतो, भीमसेनांचे अभंग भरून.