भूमिसंरक्षण प्रकल्प, खानदेशातील

वन, गायरान, पडीक किंवा नदीकाठची जमीन तोड, अतिचराई, वणवा व अतिक्रमण यांपासून दीर्घकाळ राखण्यासाठी स्वयंसेवी संस्थांनी ग्रामसभा, खातेदार व शासन यांच्यासह चालविलेली कामे. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतील अशा कामांचे व्यवस्थापन एवढाच या नोंदीचा आवाका आहे. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, समतल चर, दगडी बांध इत्यादी गोष्टी सर्वपरिचित असल्याने त्यांचे वर्णन येथे केलेले नाही.

मालकी व कायदा : निसर्गरक्षणासाठी संस्थेने स्वतः जमीन धारण करण्याची पद्धत अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये १८९१ मध्ये आणि इंग्लंडमध्ये नॅशनल ट्रस्टच्या रूपाने १८९५ मध्ये संस्थाबद्ध झाली. जमीन मूळ मालकाकडेच ठेवून तिच्या वापरावर कायमचे निर्बंध घालणारा ‘संवर्धन सुविधाधिकार’ हे तिचे पुढचे रूप होय. खानदेशात हे दोन्ही मार्ग जवळजवळ बंद आहेत. कुळवहिवाट अधिनियमाच्या (१९४८) कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्यास परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यावर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ चा ६ जुलै १९७४ पासून निर्बंध आहे. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्यालाही जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते व त्याहून अधिक मुदतीसाठी शासनाची मान्यता आवश्यक ठरते. खाजगी वने १९७५ च्या संपादन अधिनियमाने शासनाकडे गेली. वनहक्क कायद्याखाली मिळालेली जमीन वारसाहक्काने पुढे जाते, पण विकता येत नाही.

सुविधाधिकाराविषयी थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे, कारण त्याबद्दल गैरसमज आढळतो. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमातील कलम ४ प्रमाणे असा अधिकार एका जमिनीच्या लाभासाठी दुसऱ्या जमिनीवर असावा लागतो; केवळ एखाद्या संस्थेच्या नावे तो निर्माण होत नाही. संस्थेने शेजारचा लहान तुकडा घेऊन त्याच्या लाभासाठी असा अधिकार मिळवावा, असा युक्तिवाद करता येतो. परंतु तो तुकडा घेतानाच कलम ६३ आडवे येते आणि लाभधारी जमीन हातची गेली की अधिकारही संस्थेकडे उरत नाही. त्यामुळे करारपत्रापेक्षा वनहक्क कायद्याच्या (२००६) कलम ३(१)(झ) वरील सामूहिक हक्क अधिक टिकाऊ मानणे योग्य. या कलमाने वनाचे रक्षण, पुनर्निर्मिती व व्यवस्थापन यांचा हक्क गावाला दिला आहे.

पुराव्याचे काम : प्रकल्प-व्यवस्थापकाचा मोठा वेळ झाडांपेक्षा कागदांत जातो, आणि तो तसा जायलाच हवा. सातबारा, फेरफार, मोजणीची ‘क’ प्रत (मोजणी खात्याचा हद्द दाखविणारा नकाशा), वनखात्याचा नकाशा आणि प्रत्यक्ष शिवार यांत हद्दी जुळल्या नाहीत, तर पुढचे सर्व श्रम वादात सापडतात. विदर्भातील गावांना निस्तारपत्रकाचा (सामाईक वापराच्या हक्कांच्या गावनिहाय नोंदीचा) आधार मिळतो; सारा थेट शेतकऱ्याकडून घेणाऱ्या रयतवारी पद्धतीच्या खानदेशात तो नाही. येथील महसुली मोजणी १८५२ मध्ये सुरू झाली व सावदा परिसरात तिला रयतेचा उघड विरोध झाला. ही मोजणी सारा ठरविण्यासाठी होती. चराई, मोह, डिंक, गवत यांवरील सामाईक वहिवाट तिच्यात ओझरतीच आली. त्याआधी १८४२ च्या सुमारास इंग्रजांनी लगतच्या डांगमधील सागवानासाठी भिल्ल राजांकडून जंगले भाडेपट्ट्याने घेतली होती. म्हणजे जंगलावर स्थानिक सत्तेचा हक्क असल्याचे तेव्हा कागदोपत्री मान्य झाले होते. वनहक्क नियम १३ मध्ये गॅझेटिअर, मोजणी अहवाल, वननोंदी व गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदन हे पुरावे ग्राह्य असून एकाहून अधिक पुरावे विचारात घेतले जातात. १८८० चे खानदेश गॅझेटिअर यासाठी अजूनही उपयोगी पडते.

उगमाविषयी मते : गावाने नियम करून जंगल राखण्याची रीत जुनी असून तिचे मूळ देवराई व फड पद्धतीत (बंधाऱ्याचे पाणी गावाने सामूहिकपणे वाटून घेण्याच्या पद्धतीत) आहे, असे एक मत आहे. पांझरेसारख्या नद्यांवरील फड पद्धतीत पाटकरी, हवालदार, जागल्या ही पदे होती. तिचा काळ साधारणतः तीन-चारशे वर्षांपूर्वीचा सांगितला जातो. काही जण तो फारुकी राजवटीपर्यंत (१३८२–१६०१) मागे नेतात. दुसऱ्या मताप्रमाणे दंडासह लेखी कुऱ्हाडबंदी ही अलीकडची असून, उजाड डोंगर, पाणीटंचाई आणि १६ मार्च १९९२ चा संयुक्त वनव्यवस्थापनाचा शासननिर्णय यांतून ती उभी राहिली. पाणीवाटपाची शिस्त आणि जंगलराखण यांना जोडणारा दुवा क्षीण असल्याने दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

बारीपाडा : साक्री तालुक्यातील या कोकणा आदिवासी पाड्याचे काम बहुधा १९९० च्या दशकाच्या आरंभीचे, वर्षाबाबत वृत्तांतांत एकवाक्यता नाही. चैत्राम पवार (पद्मश्री, २०२५) व वनवासी कल्याण आश्रम यांच्या पुढाकाराने सुमारे ४४५ हेक्टर जंगल गावाने राखले. वनभाजी स्पर्धेमुळे ते सर्वत्र ज्ञात झाले. येथे जमीन संस्थेच्या नावे नाही, ही बाब ध्यानात घ्यावी.

क्षेत्रनिवड : कोणती जमीन आधी राखावी, हे जुन्या नोंदींच्या खरेपणावर अवलंबून असते. रानपिंगळ्याचे उदाहरण बोलके आहे. ब्रिटिश अधिकारी डेव्हिडसनने १८८० च्या दशकात पश्चिम खानदेशात या घुबडाचे नमुने मिळविले. पुढे ब्रिटिश पक्षी-अभ्यासक माइनर्ट्‌झहागेनने १९१४ चा म्हणून दाखविलेला गुजरातेतील नमुना डेव्हिडसनच्याच संग्रहातून चोरून नव्याने पेंढा भरलेला निघाला. ही नोंद बाद झाल्यावर शोध जुन्या अस्सल ठिकाणांकडे वळला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ पक्षी पुन्हा दिसला. तळोदा, तोरणमाळ व यावल या पट्ट्यांचे महत्त्व त्यानंतर वाढले. जळगावची ४८.०८ हेक्टरांची लांडोरखोरी (वनक्षेत्र) जैवविविधता वारसास्थळ आहे. यावल (१९६९), अनेर धरण व गौताळा-औट्रमघाट (दोन्ही १९८६) ही अभयारण्ये शासकीय असल्याने संस्थांचे काम बहुधा त्यांच्या कडेच्या गावांत चालते.

चराई व निधी : चराईबंदीचा भार ठेलारी मेंढपाळांवर सर्वाधिक पडतो. त्यांचे मार्ग व मुक्कामाचे हंगाम विचारात न घेता बंद केलेली जमीन राखली जात नाही; ती फक्त भांडणाला कारण होते. क्षेत्र पाळीपाळीने बंद ठेवणे व कापून नेण्यास गवत मोकळे ठेवणे हा व्यवहार्य तोडगा होय. उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा (वणवा अडविण्यासाठी गवत जाळून मोकळ्या केलेल्या पट्ट्या) काढण्याचा खर्च दरवर्षीचा असतो. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतील चालू प्रकल्पाला मात्र आरंभीचे वर्ष सोडून तीनच वर्षे मिळतात. अंजन वृक्षाचे रोप तेवढ्यात गुरांचे तोंड पोचणार नाही इतके उंचही होत नाही. त्यामुळे राखणदाराचे मानधन ग्रामसभेच्या खात्यातून, गवत व वनोपजाच्या उत्पन्नावर चालेल, अशी तजवीज पहिल्याच वर्षी करावी लागते.