चौघांचा गट आणि सुधारणेचे गुण

‘हुशार मुलाशेजारी बसवलं की मागे पडलेलं मूल आपोआप शिकतं’ हा समज चांगलाच मुरलेला आहे. प्रत्यक्षात चौघांना मिळून तक्ता करायला दिला, की एक जण लिहितो, दुसरा रंगवतो आणि अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाच्या हाती डिंकाची बाटली येते. दोरी ओढणारे वाढले की दरडोई जोर घटतो, हे फ्रान्सचे कृषी अभियंते मॅक्स रिंगेलमान यांनी १९१३ मध्येच मांडलं होतं.

यावर अमेरिकी शिक्षण-संशोधक रॉबर्ट स्लाव्हिन यांच्या गटाने शिकण्याच्या पद्धतीतली गुण देण्याची रीत फार चलाख आहे. गटात एक पुढचा, दोन मधले, एक मागचा. सराव एकत्र, चाचणी मात्र ज्याची त्याने. आधीच्या काही चाचण्यांची सरासरी हा प्रत्येकाचा पाया. शंभरांच्या चाचणीत पायापेक्षा १० हून जास्त घसरलं तर गटाला ५ गुण. १ ते १० घसरलं तर १०. पायाइतके किंवा १० पर्यंत वर गेलं तर २०. त्याहून वर ३०. पैकीच्या पैकी मिळवणाऱ्यालाही ३०, पाया काहीही असो. चौघांची सरासरी हा गटाचा गुण. म्हणजे ३८ वरून ५० वर गेलेली मुलगी गटाला ३० मिळवून देते आणि ९२ वरून ८८ वर आलेला मुलगा १०. मग तिला समजावून सांगण्यात बाकी तिघांचाच फायदा. आणि चाचणीत ती एकटी असल्याने नुसतं उत्तर पुरवून भागत नाही.

अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाला विशेष शिक्षकाने प्रश्न मोठ्या टाइपात द्यावेत, वाचून दाखवावेत, जादा वेळ द्यावा. पण पाया काढताना ज्या सवलती होत्या त्याच पुढेही हव्यात, नाहीतर वाढ मुलाची की सवलतीची ते कळत नाही. नेहमीची चूक म्हणजे हे शिक्षक त्या एकाच मुलाला चिकटून बसतात. मग गट त्यांच्याशीच बोलतो, मुलाशी नाही. वर्गशिक्षक आणि विशेष शिक्षक या दोघांनी गट वाटून घेऊन फिरावं.

मुलांनी एकमेकांना शिकवावं हे पटवायला शिक्षक-प्रशिक्षणात दाखवला जाणारा ‘ऐकलेलं ५ टक्के, शिकवलेलं ९० टक्के लक्षात राहतं’ हा पिरॅमिडचा तक्ता मात्र काढून टाकावा. त्या आकड्यांना संशोधनाचा आधार नाही. ज्या ‘अनुभवाच्या शंकू’च्या नावावर ते खपवले जातात, त्या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांच्या १९४६ च्या आकृतीत टक्केवारी नव्हतीच.

पाच-सहा आठवड्यांनी गट बदलावेत आणि पाया नव्याने काढावा. जुनाच पाया ठेवला, तर एकदा वर गेलेलं मूल पुढे काही न करताही ३० आणत राहतं.